टेलिमार्कचं नवं सामान: आधी बूट, मग बाकीचं

प्रिय आप्पा,

सप्रेम नमस्कार.

तुझं पत्र मिळालं. येत्या हंगामासाठी टेलिमार्कचं, म्हणजे टाच मोकळी ठेवून करायच्या स्कीइंगचं, सगळंच सामान नवं घ्यायचं ठरवलंस, हे वाचून मनापासून आनंद झाला. पण तू पाठवलेल्या यादीत सगळ्यात वर स्की आहेत, मग बूट स्कीला जोडणारी बाइंडिंग, आणि बूट अगदी तळाशी, तेही ‘जुनेच चालतील का?’ असं विचारून. ही यादी उलटी कर, असं माझं आग्रहाचं सांगणं आहे. टेलिमार्कचं वळण बुटातच सुरू होतं. टाच मोकळी असते, गुडघा खाली जातो, मागचं पाऊल चवड्यात वाकतं आणि त्या वाकण्यातूनच मागच्या स्कीवर भार येतो. बूट नीट वाकत नसेल तर मागची स्की नुसती फरफटत येते, मग ती कितीही उत्तम असो.

जुन्या बुटांच्या चवड्यावरच्या घड्यांत, म्हणजे बेलोजमध्ये, बारीक चिरा पडल्यात असं तू लिहिलंस. ते बूट आता ठेवू नकोस. प्लास्टिक जुनं झालं की थंडीत ठिसूळ होतं, आणि सगळा ताण नेमका त्याच जागी येतो.

नवे बूट घ्यायचे म्हटलं की पहिला प्रश्न येतो तो ७५ मिमी की एनटीएन (न्यू टेलिमार्क नॉर्म). बूट बाइंडिंगला जोडायच्या या दोन पद्धती. ७५ मिमी म्हणजे पुढे बदकाच्या चोचीसारखा चपटा ओठ असलेला आपला जुना बूट. रोट्टेफेला या नॉर्वेच्या कंपनीची तीन खिळ्यांची बाइंडिंग १९२७ सालची, आणि तो वारसा अजून चालू आहे. त्याच कंपनीने २००७ साली एनटीएन आणलं. त्यात पुढची चोच गेली आणि तळव्याच्या मध्याखाली एक दुसरी, छोटी टाच आली. बाइंडिंग बुटाला तिथे पकडते, त्यामुळे पाऊल बाजूला कलत नाही आणि कडक बर्फावर स्कीची कड घट्ट धरता येते. ७५ मिमीचं सामान साधं, टिकाऊ आणि दुरुस्तीला सोपं, हे मला मान्य आहे. हलके बूट घालून मंद उतारांवर लांब भटकायचं असेल तर आजही मी तेच सुचवीन. पण तू सगळंच नव्याने घेतोयस, तुला तीव्र उतारही हवेत आणि स्वतःच्या पायाने चढायचंही आहे. तू एनटीएनच घे. नव्या बुटांवर आणि बाइंडिंगवर जे काम चाललंय ते बहुतेक याच बाजूला.

घेताना एक गोष्ट तपास. बुटाच्या टोकाला दोन्ही बाजूंना धातूच्या छोट्या खोबणी आहेत का? स्कारपा कंपनीच्या टीएक्स प्रो बुटाला त्या आहेत, पण सगळ्याच एनटीएन बुटांना असतात असं नाही. खोबणी असतील तर ट्वेंटी-टू डिझाइन्स कंपनीची लिंक्स किंवा फ्रान्सची मेजो यांसारख्या बाइंडिंग वापरता येतात. चढताना बूट फक्त त्या खोबणींत बसणाऱ्या दोन खुंट्यांवर फिरतो, स्प्रिंग ओढत नाही, आणि दर पावलाला जोर वाचतो. लांब चढणीत हा फरक पायांना लगेच कळतो.

आता बूट पायात घालून बघण्याविषयी, कारण इथे घाई करून चालत नाही. आधी आतला मऊ अस्तर-बूट काढ, नुसत्या कवचात पाय घाल, बोटं पुढे टेकव आणि टाचेमागे किती जागा उरते ते पाहा. दीड ते दोन सेंटीमीटर ठीक. मग अस्तर घालून, एकच पातळ मोजा चढवून सगळे बकल लाव आणि टेलिमार्कच्या पवित्र्यात खाली जा. नुसतं उभं राहून काहीच कळत नाही. बेलोजची घडी तुझ्या चवड्याच्या सांध्यावरच पडली पाहिजे. ती पुढे-मागे पडली तर बूट एका जागी वाकतो आणि पाऊल दुसऱ्या जागी, मग करंगळीच्या बाजूला चिमटा बसतो. त्या पवित्र्यात निवांत थांब, पाय बदल, पुन्हा थांब. टाच आत उचलली जात असेल तर तो बूट सोडून दे. अस्तर गरम करून पायाच्या आकाराला बसवता येतं, पण घडीची जागा कुणालाच हलवता येत नाही.

बाइंडिंगमध्ये सगळ्यात महत्त्वाचा तिचा ओढा. टाच उचलली की स्प्रिंग तिला किती लवकर आणि किती जोराने खाली खेचते, हे टाचेची ओढ पावलाखाली कुठून सुरू होते त्यावर ठरतं. ती जागा जितकी मागे, तितका ओढा जास्त. सोंद्रे नोरहाइमने एकोणिसाव्या शतकात नॉर्वेच्या टेलिमार्क भागात पिळलेल्या मुळ्यांचा पट्टा टाचेमागून घेतला, तेव्हापासून या खेळाचा जीव त्या टाचेच्या बंधातच आहे. तुझी सवय मागच्या पायावर कमी भार देण्याची आहे, म्हणून मी तुला मध्यमाहून थोडा जास्त ओढा सुचवतो. मागचा चवडा स्कीवर दाबलेला राहील. फार कडक स्प्रिंग मात्र नको, गुडघा खाली नेतानाच झगडावं लागेल.

स्कीबद्दल थोडक्यात. खास टेलिमार्कच्या स्की शोधत बसू नकोस, चढाईसाठी बनवलेली कोणतीही चांगली स्की चालते. स्कीच्या कमरेला, म्हणजे मधल्या अरुंद भागाला, रुंदी ९० ते १०० मिमी, वाकायला फार ताठ नाही, उभी धरली तर उंची तुझ्या नाका-कपाळादरम्यान. त्याहून रुंद घेतलीस तर कडक बर्फावर कड लावताना घोट्यांना फार कष्ट पडतील. बाइंडिंग बसवायला भोकं पाडून घेताना स्कीत धातूचा थर आहे का ते विचार. धातू असेल तर साधारण ४.१ मिमीचं ड्रिल लागतं, नसेल तर ३.६.

आणि एक गोष्ट मनात पक्की ठेव. अल्पाइन, म्हणजे टाच घट्ट धरणारी नेहमीची बाइंडिंग, आपण पडल्यावर बूट सोडते, तसं टेलिमार्कच्या बहुतेक बाइंडिंग सोडत नाहीत. मेजो बाजूने सोडते, म्हणून हिमप्रपाताचा धोका असलेल्या उतारांवर जायचं तर माझं मत तिच्या बाजूने आहे. न सुटणारी स्की बर्फाच्या लोंढ्यात माणसाला खाली ओढते. ट्रान्सीव्हर (बर्फाखाली गाडलेल्या माणसाचा माग देणारं रेडिओ यंत्र), फावडं, प्रोब (बर्फात खुपसून शोधायची लांब काठी) यांवर काटकसर करू नकोस. गुडघ्याचं पॅडही घे. मागचा गुडघा स्कीच्या इतका जवळ येतो की बर्फाखालचा दगड आधी त्यालाच लागतो.

स्की आणि बाइंडिंग आत्ताच मागवू नकोस. बूट पक्के झाले की त्यांच्या तळाची लांबी मिलिमीटरमध्ये मला कळव. बाइंडिंगचं माप त्यावरच ठरतं, आणि भोकांची जागाही. मग आपण दोघं मिळून बाकीचं ठरवू.

तुझाच,
नाना