सामुराई मोहीम : आपापल्या भागाचे आराखडे शनिवारपर्यंत द्या

सर्व खेळाडूंना नमस्कार,

आपल्या रोल-प्लेइंग खेळाची (प्रत्येकाने एकेक पात्र होऊन खेळायच्या गोष्टीची) नवी मोहीम येत्या रविवारी दुपारी ४ वाजता, वाचनालयाच्या वरच्या खोलीत सुरू होईल. यावेळी प्रत्येकाने एकेक भाग रचायचा आहे. आराखडा शनिवारी रात्रीपर्यंत थेट गेम मास्टरला (खेळ चालवणाऱ्याला) पाठवा. ग्रुपवर टाकू नका, सगळ्यांनी आधीच वाचला तर खेळायचं काय?

काळ १६५० च्या सुमाराचा, वाट जपानमधल्या एदो (आजचं टोकियो) ते क्योतोची, म्हणजे तोकाइदो मार्ग. वाटेत ५३ मुक्काम आहेत, त्यामुळे जागांना तोटा नाही. हाकोनेचा तपासणी नाका मात्र कुणीतरी घ्याच. एदोत येणाऱ्या बंदुका आणि एदोतून बाहेर पडणाऱ्या बायका, दोन्हींवर तिथे करडी नजर असे. दाइम्योंची (बड्या सरदारांची) बायकामुलं एदोत ओलीस असत. बायको निसटली की बंडाचा संशय. आता परवाना नसलेल्या बाईला पलीकडे पोचवायचंय आणि नाक्यावरचा अधिकारी तुमच्याच धन्याचा माणूस आहे! मारामारीपेक्षा असे पेच हवेत.

- आराखडा एका पानाचाच.
- भुतंखेतं चालतील, पण लोककथेला धरून. काप्पा या पाण्यातल्या भुताच्या डोक्यावरच्या खळगीतलं पाणी सांडलं की त्याचं बळ जातं. तुम्ही वाकून नमस्कार केलात की तोही वाकतो. तलवार उपसायचीही गरज नाही.
- निन्जांची फौज कृपया नको.
- बक्षिसं कोकूत: १ कोकू म्हणजे सुमारे १८० लिटर तांदूळ, एका माणसाची वर्षाची बेगमी.

फासे ज्याचे त्याने आणावेत. ज्यांचं पात्र तयार नाही त्यांनी साडेतीनलाच यावं.