तुमच्यासाठी लागलेल्या रांगेतला एक माणूस

प्रिय मायकेल ब्रेकर,

सप्रेम नमस्कार.

१३ जानेवारी २००७ ला तुम्ही गेलात, तेव्हा तुमचं नावही माझ्या कानावरून गेलेलं नव्हतं. आज दर वर्षी याच तारखेला तुमच्या जॅझ सॅक्सोफोनच्या रेकॉर्ड लावून बसणाऱ्या चार-सहा जणांत मी असते. नवीन माणूस आला की त्याला तिथे एक ठरलेला प्रश्न विचारतात, "ब्रेकरचं पहिल्यांदा काय ऐकलंस?" कुणी तुम्हा भावांच्या ब्रेकर ब्रदर्स या बँडचं नाव घेतं, कुणी गायक पॉल सायमनच्या गाण्यातला तुमचा तुकडा सांगतं. माझं उत्तर एका वाक्यात बसत नाही. म्हणून हे पत्र.

२०१२ साली मला मायलोडिस्प्लास्टिक सिंड्रोम झाला. तुम्हाला झाला तोच. जिना चढताना लागणारी धाप, कुठे आपटल्याचं आठवत नसताना उमटलेले काळेनिळे डाग, दर पंधरा दिवसांनी रक्त चढवणं, हे सगळं तुम्हाला सांगायची गरज नाही. हाडांतली मज्जा रक्त तयार करते, पण पेशी पिकायच्या आतच मरतात. दुसऱ्याची मज्जा मिळाली तरच पुरतं बरं होण्याची आशा. सख्ख्या भावंडाशी ती पूर्ण जुळण्याची शक्यता चारांत एक. मला एकच भाऊ. त्याची जुळली नाही. रिपोर्ट हातात घेऊन तो हॉस्पिटलच्या पायरीवर किती तरी वेळ बसून होता, घरी चल म्हटलं तरी उठेना.

मग मज्जादात्यांच्या रजिस्ट्रीत शोध सुरू झाला. सात आठवड्यांनी फोन आला. दाता मिळाला होता. परदेशातला पुरुष, वय तिशीच्या आतलं. नाव, गाव काही सांगत नाहीत, तसा नियमच असतो.

ट्रान्सप्लांटच्या दिवशी खूप काही घडेल असं मला वाटलं होतं. प्रत्यक्षात गडद लाल रंगाची एक पिशवी आली, सलाईनसारखी लटकवली, आणि तासाभरात रिकामी झाली. खरं दिव्य त्यानंतरचं होतं. तोंडभर फोड आलेले, घोटभर पाणी गिळायचं तरी मनाची तयारी करावी लागायची. माझा मुलगा तेव्हा सहा वर्षांचा होता. त्याला आत यायची परवानगी नव्हती. दाराच्या काचेला बाहेरून ओठ टेकवून तो जायचा, आणि काचेवर त्याचा पुसट ठसा राहायचा. सफाईच्या मावशी रोज सकाळी ती काच पुसायच्या, पण तेवढा एक कोपरा सोडून. मी त्यांना कधी सांगितलं नव्हतं, त्यांनीही कधी बोलून दाखवलं नाही. सोळाव्या दिवशी न्यूट्रोफिल या पांढऱ्या पेशींचा काउंट सलग तिसऱ्यांदा ५०० च्या वर आला आणि डॉक्टर म्हणाले, मज्जा रुजली. काही महिन्यांनी माझा रक्तगटसुद्धा बदलला. बी पॉझिटिव्हची मी ओ पॉझिटिव्ह झाले, त्या न पाहिलेल्या माणसाच्या गटाची.

वर्ष झाल्यावर मी रजिस्ट्रीमार्फत त्याला पत्र पाठवलं. नाव, पत्ता, देश, ओळख पटेल असं काहीही लिहायचं नाही, या अटीवर. त्याचं उत्तर आलं ते एका पानाचं होतं. त्यातला एक भाग मला पाठ आहे. त्याने लिहिलं होतं, "मी कॉलेजात ट्रम्पेट वाजवायचो. मायकेल ब्रेकर नावाचा सॅक्सोफोनवादक आजारी होता, त्याच्यासाठी दात्यांची नावं नोंदवून घेत होते. टेबलाशी बसलेल्या बाईंनी मला आधीच सांगितलं, तुझे पूर्वज ज्या भागातले आहेत ते बघता त्याच्याशी तुझी मज्जा जुळणं जवळजवळ अशक्य आहे. मी म्हटलं, तरी घ्या लिहून. गालाच्या आतून काडी फिरवली आणि क्लासला गेलो. सात वर्षांनी फोन आला तो तुमच्यासाठी."

मायकेल, ते पत्र वाचून मी आधी तुमचं नाव शोधलं. पहिली ओळख झाली ती तुमच्या आजाराशी, मग तुमच्या सुरांशी. २००४ साली जपानमध्ये माउंट फुजीच्या महोत्सवात वाजवताना तुमच्या पाठीत कळ आली. पुढच्या वर्षी निदान झालं. तुमचं मूळ पूर्व युरोपातल्या ज्यू कुटुंबांत, आणि मज्जा ज्या खुणेवरून जुळवतात ती आईवडिलांकडून येते, त्यामुळे तुमच्याशी जुळणारा माणूस त्या समाजात सापडण्याचा संभव जास्त. तुमच्या घरच्यांनी हाक दिली, जॅझच्या जगाने ती पुढे नेली, आणि हजारो लोकांनी नमुने दिले. पूर्ण जुळणारा एकही निघाला नाही. शेवटी तुमच्या लेकीची अर्धी जुळणारी मज्जा घेतली. तेव्हा तो एक धाडसी प्रयोग होता, आणि तो तुम्हाला वाचवू शकला नाही. आज अर्ध्या जुळणीवर जगभर ट्रान्सप्लांट होतात आणि माणसं बरी होऊन घरी जातात, हे तुम्हाला सांगावंसं वाटतं.

ज्याची मज्जा तुम्हाला जुळणारच नव्हती तो माणूस त्या रांगेत का उभा राहिला, याचा मी खूप विचार केला. त्याला तुमचं वाजवणं आवडायचं, एवढंच त्याचं कारण. त्या आवडीतून माझं रक्त तयार झालं. तुम्ही नसता वाजवलंत तर तो त्या टेबलापाशी थांबला नसता. मी ज्याचे आभार मानू बघते त्याचं नाव मला घेता येत नाही, पण तुमचं घेता येतं.

आता तुमच्या वाजवण्याविषयी. माझ्या दात्याने पत्राच्या शेवटी लिहिलं होतं, ब्रेकरची 'पिल्ग्रिमेज' ही शेवटची रेकॉर्ड ऐका आणि कुठली धून आवडली ते जमलं तर कळवा. मी आणि माझा मुलगा जमिनीवर बसून ऐकायला लागलो. पहिल्या ऐकण्यात मला त्यातलं फारसं कळलं नाही, खोटं कशाला बोलू. सूर इतक्या वेगाने येत होते की धरायचं काय आणि सोडायचं काय, हेच समजेना. पाचवी धून लागली आणि सगळं संथ झालं. टेनर सॅक्सोफोनचा तो खर्जातला, जरासा घोगरा आवाज अगदी जवळून कुणी बोलावं तसा आला. मी धुनेचं नाव बघितलं. 'व्हेन कॅन आय किस यू अगेन?' मी तुझा पापा पुन्हा कधी घेऊ? नंतर वाचलं की तुम्ही हॉस्पिटलात असताना तुम्हाला स्पर्श करायची कुणाला मुभा नव्हती, तेव्हा तुमच्या मुलाने तुम्हाला हाच प्रश्न विचारला होता. माझा मुलगा शेजारी बसला होता. मी त्याला काहीच सांगितलं नाही, फक्त जवळ ओढलं.

हॉस्पिटलात मला तीन निळे गोळे असलेलं, श्वासाच्या व्यायामाचं ते प्लॅस्टिकचं यंत्र दिलं होतं. श्वास आत ओढायचा आणि गोळे वर उचलायचे. तिसऱ्या आठवड्यात मला एकच गोळा उचलता यायचा, आणि तोही वर गेला की लगेच टपकन खाली. म्हणून 'पिल्ग्रिमेज'ची तारीख वाचली तेव्हा माझ्या अंगावर काटा आला. ऑगस्ट २००६. म्हणजे ट्रान्सप्लांट होऊन जेमतेम काही महिने झालेले, आजार पुरता न गेलेला, आणि तुम्ही स्टुडिओत उभे राहून टेनर फुंकत होता. पॅट मेथिनी, हर्बी हॅनकॉक, ब्रॅड मेल्डाऊ, जॉन पॅटिटुची, जॅक डीजॉनेट असे एकेक तालेवार सोबतीला, आणि नऊच्या नऊ रचना तुमच्या स्वतःच्या. कुठेही दम तुटलेला ऐकू येत नाही. मी मुद्दाम कान देऊन शोधलं. त्याच वर्षी जूनमध्ये कार्नेगी हॉलमध्ये हॅनकॉक यांच्या कार्यक्रमात तुम्ही अचानक रंगमंचावर आलात, ते लोकांसमोरचं तुमचं शेवटचं वादन. ऑगस्टनंतर तुम्ही पाचच महिने होता. रेकॉर्ड बाहेर आली तेव्हा तुम्ही नव्हता, आणि २००८ साली तिला मिळालेली दोन ग्रॅमी घ्यायलाही नव्हता. त्या दोन धरून तुमची एकूण ग्रॅमी पंधरा होतात.

आमच्या बैठकीत तुमच्याविषयी जे बोलणं होतं त्यातलं थोडं सांगते. आमच्यातला एक जण स्वतः टेनर वाजवतो. 'डेल्टा सिटी ब्लूज'ची सुरुवात, जिथे तुम्ही एकटेच वाजवता आणि खालचे नि वरचे सूर असे आलटून पालटून उड्या घेतात की दोन वाद्यं वाजताहेत असं वाटावं, ती बसवायला त्याला दोन वर्षं लागली. तरी तो म्हणतो, बोटं बसली, श्वास नाही बसला. दुसऱ्या एका बाई टोरांटोच्या मॅसी हॉलमधली २००१ ची रेकॉर्ड घेऊन येतात. त्यात थोर सॅक्सोफोनवादक जॉन कोल्ट्रेनची 'नाइमा' तुम्ही कुणाच्याही साथीशिवाय वाजवली आहे. ती चालू असताना त्या डोळे मिटून बसतात, आणि ती संपल्यावर पाच मिनिटं त्यांच्याशी कुणी बोलत नाही. कोल्ट्रेनमुळेच तुम्ही टेनरकडे वळलात हे मला त्यांनीच सांगितलं. आधी क्लॅरिनेट, मग आल्टो सॅक्सोफोन, मग टेनर. फिलाडेल्फियातलं घर, वकिली करून पियानो वाजवणारे वडील, ट्रम्पेट वाजवणारे थोरले भाऊ रँडी. आता मला हे सगळं ओळखीच्या घरासारखं वाटतं.

आणि एक जण आहे तो फार बोलत नाही. नशेतून बाहेर पडून त्याला बरीच वर्षं झाली आहेत. हेरॉइन तुम्हीही सोडलंत, १९८० च्या दशकाच्या सुरुवातीला, आणि नंतर त्याच वाटेवर अडखळणाऱ्या कितीतरी वादकांना हात दिलात, हे त्याला पक्कं ठाऊक आहे. तो एकदाच एवढं म्हणाला की, ३८ व्या वर्षी या माणसाने स्वतःच्या नावाची पहिली रेकॉर्ड काढली, म्हणजे मलाही अजून वेळ आहे. तोवर शेकडो रेकॉर्डवर तुम्ही दुसऱ्यांसाठी वाजवत आला होता. मला तुमच्यातलं हे फार आवडतं. गाणं दुसऱ्याचं, नाव दुसऱ्याचं, तुमच्या वाट्याला काही मोजक्या ओळी, आणि लोक मात्र त्या ओळींसाठी गाणं मागे नेऊन पुन्हा लावतात.

तर मायकेल, मनापासून आभार. ज्या वेळी अंगात उठून बसायचंही त्राण नसतं त्या वेळी तुम्ही तुमचं दुखणं चारचौघांत आणू दिलंत. ते सोपं नसतं. मी शेजाऱ्यांनासुद्धा महिनाभर सांगितलं नव्हतं. तुमच्या नावाने नोंदवलेल्या माणसांतून मला माझा माणूस मिळाला, आणि पुढे तुमचं संगीतही त्याच्याच हातून मिळालं. तुमच्या पत्नीने आणि मुलांनी त्या दिवसांत दारोदार जी हाक दिली, तिचेही आभार. तुमच्या लेकीने स्वतःची मज्जा दिली. मी त्या पिशवीच्या या टोकाला होते, म्हणून दुसऱ्या टोकाला असलेल्यांची आठवण जास्त येते. माझ्या दात्याने पाच दिवस इंजेक्शनं घेतली होती. हाडं ठणकत होती असं त्याने लिहिलंय, आणि लगेच पुढे, पण त्याची काळजी करू नका.

मी त्याला कळवलं होतं, मला पाचवी धून आवडली. त्याचं दोन ओळींचं उत्तर आलं. त्यालाही तीच.

आज १३ जानेवारी. संध्याकाळी आम्ही जमतोय. माझा मुलगाही येणार आहे, आता तो माझ्यापेक्षा उंच आहे. रेकॉर्ड निवडायची पाळी या वर्षी माझी. पाचवी धून लावणार आहे, आणि ती संपेपर्यंत कुणी बोलायचं नाही, असं सगळ्यांना आधीच सांगून ठेवलंय.

तुमची कृतज्ञ,
एक उशिरा आलेली श्रोती