पर्वती एवढी उंच कधी झाली?

मा. संपादक,
स. न. वि. वि.

कालच्या रविवार पुरवणीतला पुण्याच्या पर्वतीवरचा लेख वाचला. फोटो झकास. लिहिणारे गृहस्थ मात्र स्वतः वर गेले होते की फोटो बघूनच दमले, अशी शंका येते. 'बेळगावकरांनो, २१०० फुटांचा हा खडा चढ एकदा तरी चढाच' असे त्यांनी आम्हाला बजावले आहे. अहो, २१०० फूट ही समुद्रसपाटीपासूनची उंची! आपले बेळगावच अडीच हजार फुटांच्या आसपास आहे. म्हणजे आम्ही शहापुरात घरच्या कट्ट्यावर चहा पीत बसतो तेव्हा पर्वतीच्या देवळाहून वरच बसलेलो असतो. तिथे चढायच्या त्या १०३ पायऱ्या, आणि त्याही चांगल्या रुंद, बुटक्या.

एरवी हसून सोडून दिले असते. पण आमच्या मावशीने तो लेख चष्मा लावून, अथपासून इतिपर्यंत वाचला. पंच्याहत्तरीच्या बाई, गुडघ्यांची कुरकुर आहे, पण पर्वतीवरच्या देवदेवेश्वराचे दर्शन घ्यायचे हे त्यांच्या मनात कित्येक वर्षांपासून. मोठ्या मिनतवारीने तयार केले होते. सीमेवर कुठे काही खुट्ट झाले की बस कोगनोळीच्या पुढे जाईल की नाही याची आम्हाला कायमची धास्ती, म्हणून रेल्वेची तिकिटे काढली होती. काल दुपारी मावशींनी पुरवणी घडी करून बाजूला ठेवली आणि म्हणाल्या, "दोन हजार शंभर फूट? नको रे बाबा. तूच जाऊन ये की." मी पायऱ्यांचा आकडा सांगितला, मागे बायकोला घेऊन गेलो होतो तेव्हा आमच्या पुढे एक नऊवारीतल्या आजी न थांबता वर गेल्या होत्या तेही सांगितले. उपयोग शून्य. "पेपरात खोटं छापतील होय?" यावर मी काय बोलणार? तिकिटे रद्द केली, कापायचे ते पैसे कापले गेले. आपल्याकडे भरपाई मागत नाही, काळजी नसावी.

बरे, एवढ्यावर थांबले असते तरी चालले असते. 'पायथ्याशी वळणे घेत वाहणारी मुठा' असेही एक वाक्य आहे. पर्वतीच्या पायथ्याशी मुठा कुठून आली? तिथे नानासाहेब पेशव्यांनी आंबिल ओढा अडवून केलेले तळे होते. ते गेले आणि सारसबाग आली. तळ्यातला गणपती तेवढा नावाने तळ्यात राहिला. खरी नदी पलीकडे, शहराच्या अंगाला, आणि आताच्या इमारतींच्या गर्दीत मला तरी ती वरून नीट दिसली नाही. डोंगराच्या कडेने जातो तो खडकवासल्याचा उजवा कालवा. २०१८ मध्ये याच कालव्याची भिंत फुटून दांडेकर पुलाच्या भागात घरांत पाणी शिरले होते, ती बातमी आपणही छापली असेल. लेखकमहाशयांनी कालव्यालाच नदी म्हटले असेल तर मुठामाईने मोठ्या मनाने क्षमा करावी.

आणि बेळगावच्या वाचकाला जे सांगायला हवे होते ते अख्ख्या पानभर कुठेच नाही. ५ नोव्हेंबर १८१७ ला खडकीची लढाई झाली, ती दुसऱ्या बाजीरावाने पर्वतीवरून पाहिली. त्यानंतर तो पुणे सोडून पळाला आणि इंग्रज त्याचे एकेक ठाणे घेत सुटले. पुढच्याच एप्रिलमध्ये मनरोने वेढा घालून बेळगावचा किल्ला घेतला. पर्वतीवर उभे राहून आमच्या किल्ल्याचे काय होणार हे त्याच दिवशी दिसत होते, पण आपल्या लेखात 'सूर्योदयाच्या वेळी सेल्फीसाठी उत्तम जागा' एवढेच. जागा उत्तम आहे, नाही कशाला म्हणू?

उंचावरून शहर बघायचेच असेल तर आमचा राजहंसगड काय वाईट आहे? २०२३ च्या मार्चमध्ये, निवडणुकीच्या तोंडावर, तिथल्या शिवरायांच्या पुतळ्याचे एकदा सोडून दोनदा अनावरण झाले. आधी एका पक्षाचे, तीन दिवसांनी दुसऱ्याचे. तेव्हा आपण पहिले पान दिलेत. आता रविवारी येळ्ळूरकडून वर जाऊन बघा, तटाच्या कडेने बाटल्या आणि वेफर्सची पाकिटे पडलेली असतात. ती उचलायला कुठलाच पक्ष येत नाही आणि त्यावर आपल्याकडे चार ओळीही येत नाहीत. पुण्याच्या टेकडीला मात्र रंगीत पान!

उंचीचा खुलासा येत्या रविवारी छापावा, आणि पुरवणीतच छापावा. आतल्या पानावर निविदांच्या खाली नको. शिवाय मागच्या आठवड्याच्या शब्दकोड्याची उत्तरे काल आलेली नाहीत. आडवा चौदा आमच्या गल्लीत कुणालाच सुटलेला नाही.

आपला,
एक जुना वर्गणीदार
शहापूर, बेळगाव