भूल उतरली, पण पाय?

महोदय,

स्त्रियांच्या किरकोळ शस्त्रक्रियांवरचा आपल्या आरोग्य पुरवणीतील लेख वाचला. भीती घालवणे योग्यच. पण जागेवरच्या भुलीनंतर लगेच घरी जाता येते, हे सरसकट विधान खटकले. गर्भाशयाच्या मुखाशेजारी किंवा योनिमार्गातून टोचलेले लिग्नोकेन हे तेवढाच भाग बधिर करणारे औषध क्वचित पायाकडे जाणाऱ्या मज्जातंतूंपर्यंत पसरते. मग पाय बधिर होतो, गुडघा दगा देतो. बहुधा काही तासांत सगळे पूर्ववत होते, पण तेवढ्यात पडून हाड मोडले तर? माझ्या जाऊबाई अशाच दवाखान्याच्या जिन्यात मटकन बसल्या, आणि आम्ही अशक्तपणा समजून त्यांना लिंबू सरबत पाजत होतो! राधानगरी, गगनबावड्याहून आलेल्या बायका तर थेट एसटी गाठतात. सोडण्यापूर्वी रुग्णाला चार पावले चालवून पाहायला कुठलेही यंत्र लागत नाही. ओठांभोवती मुंग्या येणे, कानात आवाज होणे ही औषध रक्तात जास्त गेल्याची लक्षणे. तीही टोचण्याआधीच साध्या मराठीत सांगावीत. बधिरपणा दुसऱ्या दिवशीही राहिला, तर मात्र तेल चोळत न बसता डॉक्टरांना दाखवावे.

– एक वाचक, राजारामपुरी, कोल्हापूर