तीन पडदे आणि तीन घड्याळं

मा. संपादक, स. न.

हल्ली लाइव्ह कार्यक्रम म्हटला की स्टेजवर दोन-तीन मोठे एलईडी पडदे असतातच, आणि एका पडद्यावरून निघालेली गाडी शेजारच्यावर जाताना मध्येच तुटली की लोक म्हणतात ऑपरेटरने बटण उशिरा दाबलं. अहो, बटणाचा संबंध फक्त सुरुवातीपुरता! दोन पडद्यांच्या दोन लॅपटॉपवर एकाच क्षणी प्ले केलं तरी प्रत्येकाचं आतलं घड्याळ आपल्याच चालीने चालतं. दोघांत दहा लाख सेकंदांत 50 सेकंद इतका फरक जरी धरला तरी तासाभरात 180 मिलिसेकंद होतात, म्हणजे सेकंदाला 25 फ्रेमच्या व्हिडिओत साडेचार फ्रेम गेल्याच की.

टाइमकोड (प्रत्येक फ्रेमला वेळेनुसार दिलेला नंबर) लावला की झालं असं बरेच जण समजतात, पण टाइमकोड फक्त कुठली फ्रेम ते सांगतो, ती नेमकी कधी बाहेर सोडायची ते जेनलॉकवर (सगळ्या मशीनना एकाच तालावर ठेवणारा सिग्नल) ठरतं, म्हणून दोन्ही लागतात. त्यात एलईडी प्रोसेसर (पडद्याला चित्र पुरवणारं यंत्र) आणि स्केलर (चित्राचा आकार पडद्याला जुळवणारं यंत्र) आपापला उशीर घालतात, ते सगळीकडे सारखे नसले तर एवढं करूनही पडदे जुळत नाहीत. जमत असेल तर एकाच मशीनच्या एकाच ग्राफिक्स कार्डावरून सगळे आउटपुट काढा, बरीच डोकेदुखी तिथेच जाते.

आयोजकांना एकच विनंती, रिहर्सलला निदान तासभर सलग चालवू द्या आणि सगळ्या पडद्यांवर फ्रेम नंबर टाकून मोबाइलच्या स्लो मोशनमध्ये एकत्र शूट करून बघा, पाच मिनिटांच्या टेस्टमध्ये घड्याळांचा हा फरक जवळजवळ दिसतच नाही. (बजेट नेहमी पडद्याच्या साइझवरच का संपतं ते तुम्हीच जाणे.)

— एक व्हिडिओ ऑपरेटर