मामाच्या छातीतला धूर

पुणे

प्रिय अव्या,

फोनवर तीनदा "मामा बरा आहे" एवढंच सांगितलं. आयसीयूच्या दारात उभं राहून जास्त बोलवत नव्हतं. आता तो घरी आलाय, दुपारचा झोपलाय, म्हणून नीट लिहितो.

नाना पेठेतला तो गाळा तुला माहीत आहेच. खाली गाद्या आणि फोमच्या शीटा, वर पोटमाळा. शॉर्टसर्किट होऊन आग लागली ती वर. कामाची पोरं बाहेर पडली, मामाही पडला, आणि मग उधारीची वही आणायला परत आत गेला! चार-पाच मिनिटं असेल. बाहेर आला तेव्हा अंगावर एक फोड नाही. नाकातले केस करपलेले आणि आवाज घोगरा, बस्स. सगळे म्हणाले, वाचला, घरी नेऊन हळद-दूध द्या.

जवळच्या दवाखान्यात बोटाला ऑक्सिमीटर लावला. ९८. "नॉर्मल आहे, घेऊन जा." त्या ९८ चा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही. रिक्षात मामाचं डोकं ठणकायला लागलं, आणि रुमालात खाकरला तो बेडका कुळकुळीत काळा. तशीच रिक्षा मोठ्या हॉस्पिटलकडे वळवली.

तिथल्या डॉक्टरबाईंनी मनगटातून रक्त घेतलं. फोम जळाला की कार्बन मोनॉक्साइड निघतो, सायनाइडही निघतं. कार्बन मोनॉक्साइड हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशे पटींहून घट्ट चिकटतो, आणि ते बोटावरचं यंत्र त्यालाच ऑक्सिजन समजतं. साध्या हवेत तो निम्मा उतरायला चार-पाच तास लागतात, मास्कनं पूर्ण ऑक्सिजन दिला की तास-दीड तास. १९४२ साली बोस्टनच्या एका नाइटक्लबमध्ये आग लागून ४९२ माणसं गेली, त्यातलीही कित्येक धुरानं गेली, असं बाई म्हणाल्या.

विष उतरलं तसा मी डिस्चार्जचं विचारलं. "खरा त्रास आता सुरू होईल," म्हणाल्या, आणि दुर्बीण घालून श्वासनलिका स्क्रीनवर दाखवली. देवघराच्या कोनाड्याला काजळी धरते ना, तशी गुलाबी भिंत काळवंडलेली. त्या कणांवर बसून वायर-फोमची ॲसिडं खोल उतरतात. कफ वर ढकलणारे बारीक केस लुळे पडतात. जंतू गिळणाऱ्या मॅक्रोफेज पेशी काजळी गिळून बसतात आणि हाकाटी करतात, की रक्तातून न्यूट्रोफिल नावाच्या लढाऊ पेशी धावत येतात. मारायला जंतू नसतातच, मग हत्यारं घरातच चालतात. रक्तवाहिन्या झिरपतात, फुफ्फुसात पाणी होतं. मामा मास्कखालून म्हणाला, "आपल्या दुकानासारखंच की. निम्मा माल आगीनं गेला, निम्मा बंबाच्या पाण्यानं."

त्याच रात्री व्हेंटिलेटर लागला.

आता माझा मूर्खपणा ऐक. पहिल्या दिवसापासून मी बाईंशी भांडत होतो, भारीतलं अँटिबायोटिक आत्ताच सुरू करा, पैशाचं बघू नका. त्या ढिम्म हलल्या नाहीत. इन्फेक्शन नसताना दिलं तर साधे जंतू मरतील, चिवट तेवढे उरतील. मी त्यांना हट्टी म्हणालो, तोंडावर. पाचव्या दिवशी ताप १०२, नळीतून हिरवट कफ, त्यात अजून काळ्या रेघा. झडलेलं अस्तर, कफ आणि रक्त गोठताना धरतात ते फायब्रिनचे धागे मिळून बारीक नळ्यांत बुचं बसली होती आणि त्यामागं जंतू वाढत होते. पेशींची गर्दी होती, पण गिळायची ताकद संपलेली. कफातले जंतू वाढवून बघतात त्या कल्चरमध्ये क्लेबसिएला नावाचा जंतू आला. त्याला लागू पडणारं औषध रिपोर्टमध्ये होतं, तेच दिलं. शिवाय रक्ताची गाठ होऊ न देणाऱ्या हेपारिनची वाफ, सक्शन, आणि पाठीवर थापट्या. नवव्या दिवशी नळी निघाली. बाईंची माफी मागितली, त्यांनी फक्त मान हलवली.

तू पाचट पेटवतोस तेव्हा वारा येतो त्या बाजूला उभा राहत जा, एवढं ऐक माझं.

मामा हल्ली फुफ्फुसाच्या व्यायामाचं, आत तीन चेंडू असलेलं ते प्लॅस्टिकचं यंत्र श्वासानं ओढत असतो. दोन वर जातात, तिसरा हलतो आणि बसतो. त्यावर मामीशी रुपयाची पैज चालते, आतापर्यंत अकरा रुपये हरलाय.

आणि हो, वही मिळाली. भिजून सगळी शाई पसरलीय, पण तुझ्या गादीचे बाराशे रुपये अगदी स्वच्छ वाचता येतात.

तुझा,
बंड्या