चप्पल दिसते, रापी दिसत नाही

मा. संपादक,
स. न. वि. वि.

जून २०२५ मध्ये मिलानच्या फॅशन शोमध्ये प्राडा या इटालियन कंपनीनं कोल्हापुरी वळणाची चप्पल दाखवली. गदारोळ झाला, कंपनीनं प्रेरणा भारतीय कारागिरांची असल्याचं मान्य केलं आणि जुलैत त्यांची माणसं आपल्या गावात येऊन गेली. तेव्हापासून आपल्या दैनिकात चपलेविषयी आलेलं सगळं मी कापून ठेवलंय. वेणी, कान, पट्टा, अंगठा, बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कमावलेलं चामडं, २०१९ चं भौगोलिक मानांकन, सगळं त्यात आहे. चपलेचा तळ कापणाऱ्या हत्याराबद्दल मात्र एकही ओळ नाही. फोटोत कारागिराचा हात असतो, हातात रापी असते, पण खालच्या मजकुरात तिचा उल्लेख नसतो. मग ती कुणी घडवली हे विचारणं तर दूरच राहिलं. ही उणीव मला मनापासून लागते, म्हणून हे पत्र.

मी शिवाजी उद्यमनगरातल्या एका टूलरूममधून, म्हणजे कारखान्याची हत्यारं आणि साचे करणाऱ्या विभागातून, निवृत्त झालोय. घरामागं छोटी भट्टी आहे, तिथं मी हातानं पाती करतो. गेल्या काही वर्षांत मी फक्त एकाच हत्याराच्या मागं लागलोय, ते म्हणजे चपलेच्या कामाची रापी. तिचा आकार मी ठरवला असं लोक म्हणतात. खरं तर तिच्यातली जवळजवळ प्रत्येक रेघ मला कुणीतरी शिकवलेली आहे.

सुभाषनगरातले चपलेचे कारागीर टूलरूममध्ये पॉवर हॅक्सॉची, म्हणजे लोखंड कापणाऱ्या यांत्रिक करवतीची, मोडकी पाती मागायला यायचे, तिथून हा धागा सुरू झाला. ते पातं हायस्पीड स्टीलचं असतं. ग्राइंडरच्या चाकावर तिरकं तोंड काढायचं, मागं सायकलच्या ट्यूबची पट्टी गुंडाळायची, की काम भागतं. धार टिकते हे खरं. पण गेलेली धार परत आणायला साधा दगड पुरत नाही, आणि आडवा जोर पडला की पातं ताडकन तुटतं. ट्यूबची मूठ बारीक आणि चपटी, त्यामुळं दिवसभर म्हशीचं जाड चामडं कापल्यावर अंगठ्याच्या बुडाशी घट्टे पडतात. ज्यांच्या घरात लोहारानं घडवलेली जुनी पसरट रापी शिल्लक आहे, ते ती दुसऱ्याच्या हाती देत नाहीत. तशी नवी करून देणारा लोहार कुठं आहे, असं मी बऱ्याच जणांना विचारलं. बहुतेकांनी वारलेल्या माणसांची नावं सांगितली.

माझ्या पहिल्या गुरू म्हणजे सुभाषनगरातल्याच एक आक्का. त्यांचे मालक तळ कापतात आणि आक्का बकऱ्याच्या चामड्याच्या वाद्या तासून वेणी घालतात. मी केलेली रापी त्यांनी हातात घेतली, दोन वाद्या तासल्या आणि खाली ठेवली. म्हणाल्या, "दादा, पातं झकास हाय, पर मूठ हातात फिरतीया. माझा निम्मा जोर ती धरण्यातच जातोय." तोवर मी मूठ गोल करत होतो, कारण ती लेथवर पटकन होते. त्यानंतर मूठ अंड्याच्या आकाराची केली, खालून किंचित सपाट. आता डोळे मिटले तरी धार कुठल्या बाजूला आहे हे हाताला कळतं. आक्कांसाठी मूठ ९५ मिलिमीटर, त्यांच्या मालकांसाठी ११५. पात्याच्या पाठीवर तर्जनी टेकते तिथली कड घासून गोल केली, तीही त्यांच्याच सांगण्यावरून. तासताना सगळा दाब त्या बोटातून जातो, हे मला ड्रॉइंग बोर्डवर बसून कधीच कळलं नसतं.

डागाचं प्रकरणही त्यांनीच समजावलं. ओल्या चामड्यावर लोखंडी हत्यार पडून राहिलं, की खाली निळसर काळा डाग उमटतो आणि तो जात नाही. बाभळीच्या आणि हिरड्याच्या टॅनिनची लोखंडाशी गाठ पडली की असं होतंच. मी ज्या ईएन-३१ पोलादाची रापी करतो, ते बेअरिंगचं पोलाद. त्यात कार्बन सुमारे एक टक्का आणि क्रोमियम दीड टक्क्याच्या आसपास. स्टेनलेस म्हणायला क्रोमियम निदान साडेदहा टक्के लागतं. म्हणजे हे पातं डाग पाडणारच. तरी मी पोलाद बदललं नाही, कारण कारागिराला घरच्या दगडावर चार हात मारून धार परत मिळाली पाहिजे. त्याऐवजी पात्याचा उतार आरशासारखा घासून काढतो, म्हणजे ओलं चामडं त्याला कमी चिकटतं. आणि आक्कांची सवय मी प्रत्येक गिऱ्हाइकाला सांगतो: काम थांबलं की पातं पुसायचं आणि खोबरेलाचा फडका फिरवायचा. कमावलेल्या चामड्याच्या म्यानात ते कायमचं ठेवू नये, तिथंही ओल धरते.

दुसरे गुरू माझे मामा, कागल तालुक्यातल्या एका गावचे लोहार. ऊसतोडीचे कोयते, विळे, कुऱ्हाडी, सगळं ट्रकच्या पाट्यातून, म्हणजे स्प्रिंगच्या पट्टीतून. त्या पोलादात कार्बन अर्धा-पाऊण टक्का, त्यामुळं चिवट. मामा पात्याला पाणी द्यायचे, म्हणजे तापवून बुडवून कडक करायचे, ते दिवेलागणीलाच. भर उन्हात तापलेल्या लोखंडाचा रंग फसवतो. भात्यावर मला बसवायचे आणि जुन्या स्पीकरचं लोहचुंबक तारेला बांधून पात्याला लावायला सांगायचे. चुंबक चिकटेनासं झालं, की अजून थोडी आच आणि मग बुडवायचं. लोखंडाचं चुंबकत्व ७७० अंशांच्या आसपास जातं, हे मला पुढं आयटीआयला गेल्यावर कळलं. मामांनी तो आकडा कधी ऐकला नव्हता आणि त्यांचा कोयता कधी चुकला नव्हता.

धार कडक आणि पाठ मऊ, हाही त्यांचाच धडा. सबंध पातं बुडवायचं नाही, धारेकडचा भागच. मग पातं घासून उजळ करायचं, पाठीकडून आच द्यायची आणि रंग धारेकडं सरकताना बघत बसायचं. वाळल्या कडब्याचा रंग धारेला पोचला की थांबायचं. निळा चढू दिला तर धार मऊ पडते. माझी रापी आजही अशीच धारेपुरती कडक असते.

आकडे शिकवले ते उद्यमनगरात हीट ट्रीटमेंट, म्हणजे पोलाद तापवून-निववून कडक करण्याचं काम, करणाऱ्या एका मेस्त्रींनी. हे गाव इंजिनं आणि ओतकामावर उभं राहिलं, म्हादबा मेस्त्रींसारख्या माणसांनी उभं केलं, आणि 'मेस्त्री' ही इथं पदवी आहे. आमचे मेस्त्री मामांच्या रंगाला नावं ठेवत नसत. ते एवढंच म्हणायचे, की वहीत लिही. कुठलं पोलाद, किती तापमान, तेल किती कोमट, किती वेळ. ईएन-३१ साठी ८४० अंश, कोमट तेल, हाताला सोसेल इतकं निवलं की लगेच २०० अंशांवर दोन तास, आणि तेच परत एकदा. कडकपणा मोजणाऱ्या रॉकवेल मशीनवर धार ६० च्या आसपास येते. त्यांच्याकडं जुनी वही होती, त्यात बिघडलेल्या मालाच्याही नोंदी होत्या. तशी वही मीही ठेवतो.

काही गुरू मला फक्त पुस्तकात भेटलेत. अमेरिकेत विल्यम स्कॅगल नावाचे सुऱ्या करणारे होते. १९३७ मध्ये मिशिगनच्या एका तलावाकाठी एक जण त्यांच्या सुरीनं होडीचा रंग खरवडत होता आणि सुरीला काही होत नव्हतं. ते बो रँडल यांनी पाहिलं आणि ते स्वतः सुऱ्या करू लागले. पुढं बॉब लव्हलेस नावाचा तरुण खलाशी १९५३ च्या सुमारास न्यूयॉर्कच्या दुकानात रँडलची सुरी घ्यायला गेला. नऊ महिने थांबावं लागेल असं कळल्यावर त्यानं भंगारातल्या पॅकार्ड मोटारीच्या स्प्रिंगमधून स्वतःची सुरी घडवली. हे वाचलं तेव्हा मला मामांचा ट्रकचा पाटाच आठवला. लव्हलेस यांच्याकडून मी एक गोष्ट उचलली: मुठीत जाणारा पोलादाचा भाग मागं मागं निमुळता करत नेणं. माझं पातं पाठीला तीन मिलिमीटर आहे, मुठीच्या शेवटी एकच. त्यामुळं मागचं वजन कमी होऊन तोल तर्जनीखाली येतो आणि मनगट दुखत नाही. १९७६ मध्ये अमेरिकन ब्लेडस्मिथ सोसायटी स्थापन करणारे बिल मोरन यांच्या परंपरेत पातं नव्वद अंशांत वाकवून बघण्याची परीक्षा असते. मी नमुन्याचं एक पातं व्हाइसमध्ये धरून तसं वाकवलं. धारेला तडा गेला, पाठ वाकली, पण दोन तुकडे झाले नाहीत. मामांची मऊ पाठ तिथं कामाला आली.

मुठीला बाभूळच वापरतो. जिच्या सालीत चामडं कमावलं जातं तिचंच लाकूड, जवसाच्या तेलात मुरवलेलं, दोन पितळी रिबिटांनी बसवलेलं. हे मला कुणी सांगितलं नाही, माझं मलाच सुचलं.

आता मुद्द्याची गोष्ट. स्कॅगल, रँडल, लव्हलेस यांच्या पात्यांवर त्यांची खूण किंवा नाव आहे. म्हणून कोण कुणाकडं बघून शिकलं हे आज हजारो मैलांवर बसून मला सांगता येतं. माझ्या मामांचे कोयते अजून शेतात आहेत, पण त्यांच्यावर पाठीला छिन्नीचे दोन घाव एवढीच खूण आहे आणि ती ओळखणारी माणसं संपत आली. मी माझ्या रापीवर तेच दोन घाव घालतो, शेजारी माझं नाव आणि ज्या कारागिरासाठी केली त्याचं नाव. चपलेला मानांकन मिळालं, त्याचा अभिमान मला आहेच. पण हत्यार घडवणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर येत नसेल, तर त्याच्या पोरानं भट्टीपुढं का बसावं?

आणखी एक अडचण आहे. 'कोयता' शब्द हल्ली बातमीत येतो तो गुन्ह्याच्याच. त्यामुळं हातानं पातं करणाऱ्याकडं लोक संशयानं बघतात. एका ओळखीच्या लोहारानं तर विळ्याशिवाय काही करायचंच सोडलंय. १९५९ च्या शस्त्र कायद्याच्या नियमांत नऊ इंचांपेक्षा लांब किंवा दोन इंचांपेक्षा रुंद पात्याचा उल्लेख आहे, आणि पसरट रापी दोन इंचांपेक्षा सहज रुंद असते. पण घरगुती, शेतीच्या, शास्त्रीय किंवा औद्योगिक कामासाठी बनवलेली पाती त्यातून वगळलेली आहेत, हे त्याच ओळीत पुढं लिहिलंय. आपल्यासारख्या वृत्तपत्रानं हे एकदा ठळक छापलं, तर भट्टीवर बसणाऱ्या कितीतरी माणसांच्या जिवाला शांतता मिळेल.

माझ्या मागण्या थोड्या आहेत. चपलेवर पुढचा लेख येईल तेव्हा बातमीदारानं कारागिराला एवढं विचारावं, की रापी कुणी केली? उत्तर मिळालं तर ते नाव छापावं, नाही मिळालं तर तेही छापावं. चपलेची प्रदर्शनं भरतात तिथं एक टेबल हत्यारांना द्यावं, शेजारी लोहाराला बसवावं, आणि आलेल्या लोकांना ओलं चामडं कापून बघू द्यावं. चपलेच्या कामाच्या प्रशिक्षणात धार लावण्याचा आणि मूठ बसवण्याचा तास असावा. ज्या जुन्या रापी घराघरांत आहेत, त्यांची मापं आणि फोटो कुणीतरी घ्यावेत. शिवाजी विद्यापीठातल्या विद्यार्थ्यांनी हे काम अंगावर घेतलं, तर मी त्यांच्याबरोबर दारोदार फिरायला तयार आहे.

माझ्या रापीचं मापांसह ड्रॉइंग या पत्राला जोडलंय, दोन्ही मुठींचं. मागं पोलाद, तापमान आणि वेळ लिहिली आहे. त्यावर माझा कसलाही हक्क नाही. छापायला जागा नसेल तर कार्यालयात ठेवावं आणि मागायला येईल त्या लोहाराला किंवा फिटरला झेरॉक्स द्यावी.

आपला,
एक निवृत्त टूलरूम कामगार,
शिवाजी उद्यमनगर, कोल्हापूर